बाबल मेस्त्रीची लाल टाकी

मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाबल मेस्त्रीने मला फसवले. त्याने माझ्या ट्रकला प्रेशर हॉर्न बसवला, हॉर्नसाठी हवेची स्वतंत्र टाकी बसवतो असे कबूल केले आणि गाडीखाली एक रिकामी लाल टाकी बोल्टने आवळून दिली. तिच्यात हवा येत नव्हती आणि तिच्यातून जातही नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे समुद्र येईल, माशाचे कालवण येईल, लाल माती येईल आणि वाचणारा त्यात रमून जाईल. टाकी मात्र कोणी विसरलेले मला चालणार नाही.

मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पाठीवर गुळाच्या ढेपा वाहत होतो. तिथून ट्रकचा मालक झालो, तो कोणाच्या मेहेरबानीने नाही. ट्रक जुना होता, पण माझा होता. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मालवणच्या शालनकाकींकडून निरोप आला. काकी मासळीच्या व्यापारी. दोन होड्यांत त्यांची भागीदारी आणि किनाऱ्यावरच्या लिलावात त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. मालवणची मासळी कोल्हापूरला पोचवायला त्यांना कायमची गाडी हवी होती. कायमचे काम म्हणजे माझ्यासारख्याला सोन्याची खाण. मी, माझा ड्रायव्हर बंडा आणि रिकामा ट्रक, असे आम्ही सकाळीच निघालो.

दाजीपूरच्या जंगलापर्यंत गाडी सरळ चालली. फोंडा घाटाच्या तोंडाशी धुके होते. समोरचा रस्ता दहा पावलांवर संपत होता आणि उजवीकडे दरी आहे हे फक्त झाडांच्या शेंड्यांवरून कळत होते. प्रत्येक वळणाला बंडा हॉर्न दाबत होता. आमचा हॉर्न जुना, बकरीच्या पिलासारखा. एका वळणावर धुक्यातून अचानक एसटीचे लाल तोंड आले. बंडाने गाडी डोंगराकडे दाबली. एसटीचा आरसा आमच्या आरशाला घासून गेला. तिच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोके बाहेर काढले.

"हॉर्न द्यायला हात मोडलेत काय?"

"दिला की," बंडा म्हणाला.

"मग मेलेल्या माणसागत दिला असशील."

एसटी निघून गेली. माझे पाय पुढच्या बऱ्याच वळणांपर्यंत लटपटत होते. मी बंडाला काही बोललो नाही, कारण मालकाचे पाय लटपटतात हे ड्रायव्हरला कळले की तो पगारवाढ मागतो. पण मनात ठरवले, की या घाटात रोज ये-जा करायची तर आपला आवाज आधी पुढे गेला पाहिजे आणि मागून गाडी. भीतीपोटी मी तो हॉर्न घेतला. हे लक्षात ठेवा.

घाट उतरल्यावर हवा एकदम बदलते. अंगाला चिकटते. धुके वरच राहते आणि खाली काजू, फणस, कौलारू घरे आणि तांबडा रस्ता सुरू होतो. कणकवलीत हायवेवर आम्ही चहा आणि उसळपाव घेतला. तिथे मोबाइलला रेंज होती म्हणून काकींना फोन लावला.

"इलास काय? बरा झाला," काकी म्हणाल्या. "आता आयका. गाडी अशीच घेऊन बंदरार येव नकात. माझ्या नावाचा चित्र होया गाडयेर आणि हॉर्न होयो. हंय परत्येकाच्या गाडयेचो हॉर्न येगळो. होडयेतल्या माणसांक आवाजावरसून कळता कोणाची गाडी इली ती. तुमचो हॉर्न आयकलो काय माझे लोक माल काढून ठेवतले."

हा तिकडचा रिवाज मला नंतर डोळ्यांनी दिसला. संध्याकाळी होड्या लागतात, किनाऱ्यावर गर्दी होते, कोणाचे कोणाला ऐकू येत नाही. अशा वेळी वरच्या रस्त्यावरून हॉर्न वाजला की टोपल्या उचलणारी माणसे न बघताच सांगतात, ही अमक्याची गाडी. कोणाचा हॉर्न तीन सुरांचा, कोणाचा मोरासारखा. ज्याचा हॉर्न दमदार, त्याची पतही दमदार समजतात.

"कुठे करून मिळेल?" मी विचारले.

"कट्ट्याक बाबल मेस्त्री आसा. सगळे तेच्याकडेच करतत."

सगळे तेच्याकडेच करतत. हे शब्द मी नंतर पुष्कळ वेळा आठवले.

कसालवरून आत वळले की थोड्या वेळात कट्टा येते. बाजाराचे गाव. एसटीचा थांबा, किराणा, कापड, औषधे, एका टपरीवर भजी, आणि बाजार संपतो तिथे फणसाच्या झाडाखाली बाबलचे गॅरेज. बाबल मध्यम वयाचा, सडसडीत, हसतमुख माणूस. अंगात बनियन, कानामागे पेन्सिल. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "शेटनू, गाडी बरी आसा. पण बोलणा नाय हेका."

"काय?"

"हेका बोलाक येणा नाय म्हणतंय. हॉर्न."

मग आमचा सौदा सुरू झाला. मी सौद्यात कच्चा नाही. माझा राग आणि माझा भाव, दोन्ही मार्केट यार्डात प्रसिद्ध आहेत. बाबलने आकडा सांगितला, मी हसलो. तो खाली आला, मी गाडीत जाऊन बसलो. तो पुन्हा खाली आला, मी बंडाला गाडी चालू करायला लावली. शेवटी जिथे मी थांबलो, तिथे तोही थांबला होता हे महत्त्वाचे. त्याच्या डोक्यावर कोणी कोयता धरला नव्हता.

एक गोष्ट मात्र मी सौद्याच्या बाहेर ठेवली. ज्यांना ट्रकची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिन चालू असले की टाकीत हवा भरत राहते, पेडल दाबले की तीच हवा चाकांपाशी जाऊन ब्रेक आवळते. हवा संपली तर पेडल म्हणजे पायाखालचा लोखंडाचा तुकडा. प्रेशर हॉर्नलाही हवाच लागते. म्हणून मी बाबलला स्पष्ट सांगितले, की हॉर्नला वेगळी टाकी बसव, मध्ये झडप (वॉल्व्ह) टाक, ब्रेकच्या हवेला हात लावू नकोस. बाकी कशात काटकसर केलीस तर मी भांडेन. यात केलीस तर भांडणार नाही, वेगळेच करेन.

"शेटनू, ह्या सांगूक होया काय?" बाबल म्हणाला. "आमी काय लोकांचे जीव घेवक बसलंव हंय?"

काम चालू असताना आम्ही बाजारातल्या एका खाणावळीत जेवत होतो. बांगड्याचे तिखले (आंबट-तिखट, दाट कालवण), तांदळाची भाकरी, भात, शेवटी सोलकढी. खाणावळीची बाई वाढताना विचारायची, "घाटावरच्यांका तिखट चलता मा?" बंडा म्हणायचा, "आमच्याकडं ह्याला गोड म्हणतात." ती हसायची आणि त्याच्या ताटात आणखी एक बांगडा पडायचा. मी जेवत होतो, पण लक्ष गॅरेजकडे होते. का कोण जाणे, मला सारखे उठून जावेसे वाटायचे. मी गेलो की बाबल गाडीखालून बाहेर यायचा, हात पुसायचा आणि चहा मागवायचा. मी वाकून बघायला लागलो की त्याला नेमके काहीतरी दाखवायचे असायचे. भोंगे बघा, पितळेचे. बटण बघा, बोटाखाली कसे बसते. या माणसाला मी गाडीखाली गेलेलो नको आहे, असे मला वाटून गेले.

कणकवलीहून रेडियमवाला आला, गाड्यांवर स्टिकर चिकटवणारा. त्याने आणलेली व्हायनलची गुंडाळी उलगडली तेव्हा बाजारातली माणसे जमली. निळ्या समुद्रावर एक लांबलचक सुरमई. तोंड केबिनच्या दारावर आणि शेपूट हौद्याच्या टोकाला, वर काकींचे नाव. त्याने ती रबरी पट्टीने दाबत दाबत दोन्ही अंगांना चिकटवली. माझा जुना ट्रक नव्या नवरदेवासारखा दिसायला लागला. मलाही बरे वाटले, खोटे कशाला बोलू. पण डाव्या बाजूला, केबिन जिथे संपते तिथे, सुरमईच्या गालामागून छपरापर्यंत एक उभा फुगवटा दिसत होता. मी बोट लावले. कडक होते.

"हे काय आहे?"

रेडियमवाल्याने बाबलकडे पाहिले. बाबल म्हणाला, "हवा रवली आसा आत. दोन दिस उनात फिरलास काय बसतली."

"हवा इतकी कडक?"

"व्हायनल जाड आसा, शेटनू."

मग मी गाडीखाली वाकलोच. टाकी होती. नवी कोरी, लालभडक, व्यवस्थित पट्ट्यांत आवळलेली. तिच्या एका टोकाला पाइपही दिसत होता. मी हात पुढे केला तसा बाबल वरून म्हणाला, "रंग ओलो आसा. हात लावू नकात, डाग पडतलो." मी बोटाच्या पेराने टाकी ठोकली. पोकळ वाजली. हवेची टाकी पोकळच वाजणार. हवा डोळ्यांना दिसत नाही, त्यावरच या माणसाचा धंदा चालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालनकाकी आल्या. जाडजूड, नऊवारी, कपाळाला मोठे कुंकू, कमरेला चाव्यांचा जुडगा. सुरमई बघून त्यांनी केबिनच्या दारावर हात फिरवला, जसा जनावराच्या पाठीवरून फिरवतात.

"बरी दिसता," त्या म्हणाल्या. "पण डोळो बारीक केल्यान. एवढ्या बारीक डोळ्याची सुरमय मी इकूक नाय कधी."

त्यांनी येताना गावकराला (गावाच्या मानकऱ्याला) आणले होते. नवी गाडी, नवी होडी किंवा कसलेही नवे काम काढले की तिकडे गाऱ्हाणे घालतात, म्हणजे देवाला सगळे नीट नावानिशी सांगून सांभाळायला सांगतात. जमलेल्यांनी प्रत्येक वाक्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. जो म्हणतो तो त्या बोलण्याला साक्षी राहतो. गाडीत नवे काय काय बसवले ते गावकराने मला विचारून घेतले, मग गाडीसमोर नारळ धरला, डोळे मिटले.

"बा सड्यावरच्या राखणदारा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. बाबलही म्हणाला.

"आज ह्यो घाटावरचो पावणो तुझ्या वाटेर इल्लो आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हेच्या गाडयेची चाका, इंजन, ब्रेक, तुझ्या नदरेखाली ठेव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हेका जो नवो हॉर्न बसयलो आसा आणि त्या हॉर्नाची जी येगळी टाकी बसयली आसा, ती राखून ठेव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी बाबलच्या शेजारीच उभा होतो. या वेळी त्याचे ओठ हलले नाहीत. तो खाली वाकला आणि फडक्याने चपलेवरची माती पुसू लागला. गॅरेजमध्ये जन्म गेलेला माणूस चपलेवरची माती पुसतो आहे, हे मला विचित्र वाटले.  पण नारळ फुटला, खोबरे वाटले गेले, काकी गाडीत चढल्या, आणि अशा वेळी कोणाला थांबवून तू का म्हणाला नाहीस असे विचारायचे कसे?

वाटेत एका कारखान्यात आम्ही हौदा भरून बर्फाच्या लाद्या घेतल्या. वर भुसा, वर ताडपत्री. गाडी एकदम जड झाली. बंडा चालवत होता, मी मध्ये, काकी डाव्या खिडकीशी. रस्ता सड्यावर चढला. सडा म्हणजे वरचे उघडे पठार, सगळा जांभा दगड, मध्येच पिवळे गवत, आणि वाऱ्याला अडवायला काही नाही. लांबवर समुद्राची एक चकचकीत रेघ दिसली. मी समुद्र पूर्वी पाहिला नव्हता असे नाही, पण आपल्या गाडीतून, आपल्या कामासाठी जाताना पाहिला नव्हता. तेवढ्यापुरता मी सगळे विसरलो.

सडा संपतो तिथे एक उभा दगड आहे, शेंदूर लावलेला. हाच राखणदार, वाटेचा रक्षक. तिथूनच मालवणात उतरणारी घाटी (तीव्र उतार) सुरू होते.

"थांब रे झिला," काकी बंडाला म्हणाल्या. "हंय हॉर्न दिवक होयो. सगळे देतत. तुझी पयली खेप आसा, लांब दी."

बंडाने दगडासमोर गाडी हळू केली आणि बटण दाबले. काय तो आवाज. तीन भोंगे, तीन सूर, सड्यावरून पार समुद्राकडे गेला. गुरे दचकून पळाली. बंडा हसत होता. काकी हात जोडून म्हणाल्या, "अजून दी. त्याका बरा वाटता." बंडाने पुन्हा दाबले आणि सोडलेच नाही. केबिनच्या मागे काहीतरी थरथरत होते, माझ्या पाठीला जाणवत होते. मग आम्ही उतरायला लागलो.

पहिल्या वळणाला ब्रेक लागला. दुसऱ्या वळणाआधी बंडाने पेडल दाबले आणि त्याचे हसू गेले.

"आप्पा," तो मला म्हणाला, "काटा बघा."

हवेचा काटा जिथे असायला हवा त्याच्या बराच खाली होता.

"भरंल की," मी म्हणालो. 

"भरंना. पेडल दगडागत झालंय."

गाडीने वेग घेतला. मागे इतका बर्फ. खाली, घाटी जिथे बाजाराच्या रस्त्याला मिळते, तिथे रस्त्याच्या कडेला बायका टोपल्या घेऊन ओळीने बसल्या होत्या. त्यांच्या रंगीत साड्या मला इतक्या स्पष्ट दिसत होत्या, की आजही डोळे मिटले तर कोण कुठे बसली होती ते सांगू शकेन. त्यांच्यापैकी एकीनेही वर पाहिले नव्हते.

"हॉर्न दाब," मी ओरडलो. "हॉर्न दाब, उठतील त्या."

बंडाने दाबला. आवाज निघाला, आणि निघता निघता बसत गेला. तीन सुरांचे दोन झाले, दोनाचा एक, मग घसा बसलेल्या माणसाचे घोगरे. माझी नजर काट्यावर होती. हॉर्न जसजसा बसत होता, तसतसा काटा खाली सरकत होता. एकाच वेळी. एकाच हवेवर. मला लाल टाकी आठवली, ओला रंग आठवला, चपलेवरची माती आठवली. ज्यांना वाचवायला मी हॉर्न वाजवत होतो, त्यांच्यासाठी उरलेला ब्रेक मीच पिऊन टाकत होतो.

"सोड, बटण सोड."

बंडाने सोडले. त्याने क्लच दाबून गिअर खाली टाकला, इंजिन किंचाळले, गाडी थोडी अडखळली, पण थांबली नाही. डाव्या हाताला डोंगर कापून रस्ता काढला होता. जांभ्याची उभी, खरखरीत भिंत.

"आप्पा, घासतो," बंडा म्हणाला.

मी काकींना दंडाला धरून माझ्याकडे ओढले. त्या माझ्या मांडीवर पडल्या. पुढच्या क्षणी डावी बाजू दगडावर चढली. तो आवाज मी लिहू शकत नाही. आरसा गेला, दाराची काच आत आली, मागे लाद्या सरकून केबिनवर आदळल्या. मी फक्त समोरच्या साड्या बघत होतो. त्या मोठ्या होत होत्या. मग हळू मोठ्या व्हायला लागल्या. मग थांबल्या.

बंडाने इंजिन गिअरमध्येच बंद केले आणि स्टिअरिंग सोडले नाही. त्याची बोटे मी एकेक करून सोडवली. खाली उतरून चाकामागे दगड लावले. फुटलेल्या बर्फाचे पाणी गाडीखालून निघाले आणि उतारावरून बायकांच्या दिशेने वाहत गेले. शेवटच्या टोपलीशी बसलेल्या म्हातारीच्या पायाला ते लागले तेव्हा तिने वर पाहिले.

"कोणाचो बर्फ रे ह्यो?" तिने विचारले.

 काकी बंडाच्या बाजूच्या दारातून उतरल्या. कपाळाला काचेचा ओरखडा, पण बाकी ठीक. त्या गाडीच्या डाव्या बाजूला आल्या आणि उभ्या राहिल्या.

"माझी सुरमय फाडलास," त्या म्हणाल्या आणि रस्त्यातच मटकन बसल्या. मग हसू लागल्या, आणि हसता हसता रडू लागल्या.

व्हायनल गालापासून शेपटीपर्यंत फाटून लोंबत होते. केबिनच्या मागे, जिथे तो फुगवटा होता, तिथे एक काळा रबरी पाइप उघडा पडला होता. छपरावरच्या भोंग्यांपासून खाली गेलेला, आणि तो कुठे जातो हे कोणी बघू नये म्हणून माशाखाली झाकलेला. मी गाडीखाली शिरलो आणि पाइपवर हात ठेवून त्याच्या मागे मागे गेलो. तो लाल टाकीच्या मागून गेला, तिला न शिवता, आणि थेट ब्रेकच्या मोठ्या टाकीत शिरला. मध्ये झडप नाही, काही नाही. लाल टाकीला जो पाइप दिसत होता त्याचे दुसरे टोक मी ओढले. वीतभर तुकडा हातात आला. तो कशालाही जोडलेला नव्हता.

तो तुकडा घेऊन मी काकींबरोबर रिक्षाने कट्ट्याला परत गेलो. सगळ्या वाटेत मी तो मुठीत आवळून धरला होता. रागाने, असे मी काकींना सांगितले. बाबल गॅरेजमध्येच होता. मी तुकडा त्याच्या समोर टाकला.

"ही तुझी वेगळी टाकी?"

त्याने तुकड्याकडे पाहिले, मग काकींच्या कपाळाकडे. चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"तुमी भाव किती पाडलास, ता आठवता काय?" तो म्हणाला. "तेवढ्यात जेवढा बसता तेवढा बसयलंय."

"भाव पाडला म्हणजे तुझा नफा पाडला. माझा ब्रेक नाही पाडला. परवडत नव्हते तर तोंडावर नाही म्हणायचे होतेस. लाल रंग कशाला मारलास?"

"इतको लांब हॉर्न कोण दाबता? थोडो थोडो वाजवचो."

"राखणदाराक थोडो हॉर्न देतत?" काकी पहिल्यांदाच बोलल्या. "बाबल्या, तू ह्याच गावचो मा? ती घाटी तुका ठावक नाय?"

 मग बाबल जे बोलला, त्याने मला घाटीपेक्षा जास्त भीती वाटली. तो म्हणाला, "आजपासून करतंय काय मी ह्या? कितीय गाडये सोडलंय असे. कोणाची तक्रार नाय."

"कोणाकोणाच्या?"

"नाय सांगूचंय."

मी त्याचा बनियन धरला. काकींनी माझा हात काढला. एवढ्या जाड बाईच्या हातात एवढा जोर असेल असे वाटले नव्हते.

"मारून काय होतला? तो मार खायत आणि गप रवात," त्या म्हणाल्या. "बाबल्या, चल माझ्यावांगडा सड्यार. गावकराक बोलवया. परत गाऱ्हाणा घालू दे. टाकयेचा नाव इला काय सगळ्यांवांगडा व्हय म्हाराजा म्हण. म्हटलंस तर मी ह्या शेटाक घेऊन गप घराक जातंय."

बाबलने गॅरेजचे फळकुटाचे दार ओढून घेतले आणि आतून कडी लावली. आम्ही बाहेर उभे राहिलो. बाजारातली माणसे बघत होती. फटीतून त्याची सावली दिसत होती, ती हलत नव्हती. हाका मारून मारून माझा घसा बसला, हॉर्नसारखा.

मालवणातल्या दुसऱ्या एका मेस्त्रीने हॉर्नचा पाइप काढून टाकला आणि ब्रेकच्या टाकीचे भोक घट्ट बंद करून दिले. मी गाडीखाली त्याच्या शेजारी आडवा पडून सगळे पाहिले. काकींनी काम मोडले नाही. उरलेल्या बर्फात पहिली खेप भरली, पापलेट आणि बांगडा, आणि फाटलेल्या सुरमईसकट आम्ही कोल्हापूरला निघालो. "हॉर्नाशिवाय तुका वळखतले कशे?" त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, "फाटलेल्या माशाची गाडी म्हणून."

फोंडा घाट चढताना बंडा प्रत्येक वळणाला आधी पेडल दाबून बघत होता, चढाला गरज नसतानाही. मीही काट्यावरून नजर हलवली नाही. घाटमाथ्यावर एक छोटे देऊळ आहे, शेजारी चहाची टपरी. खाली उतरणाऱ्या गाड्या तिथे देवाला हॉर्न देतात आणि लगेच उतार सुरू होतो. आम्ही चहाला थांबलो. धुके तसेच होते. कप हातात घेतला आणि वरच्या बाजूने, कोल्हापूरच्या रस्त्याने, मला तो आवाज ऐकू आला.

तीन भोंगे, तीन सूर. माझ्या गाडीचे होते तेच, त्याच क्रमाने.

धुक्यातून ट्रक आला. सिमेंटची पोती भरलेला, पार बसलेला. केबिनवर व्हायनलचा मोठा वाघ, आणि वाघाच्या कानामागून छपरापर्यंत एक उभा, कडक फुगवटा. कप टाकून मी रस्त्यावर धावलो. दोन्ही हात वर करून हलवले, मानेने, तोंडाने, सगळ्या अंगाने सांगितले, नको, वाजवू नको, थांब. ड्रायव्हर तरुण होता. त्याने माझ्याकडे पाहिले, मग देवळाकडे पाहिले. त्याला वाटले मी नमस्कार करतोय. तो हसला, त्याने एक हात कपाळाला लावला आणि दुसऱ्या हाताने पुन्हा हॉर्न दाबला, लांब, मला मान देण्यासाठी. आणि वळणाआड गेला.

मी तिथे उभा राहून ऐकत होतो. खालून हॉर्न येत होता, प्रत्येक वळणाला एकदा, धुक्यात तसाच द्यावा लागतो. एकदा. पुन्हा एकदा. शेवटचा मला थोडा घोगरा वाटला. की तो लांब गेला होता म्हणून तसा वाटला, मला माहीत नाही. त्यानंतर काही ऐकू आले नाही. बंडा म्हणाला, आप्पा, आता चला. त्या गाडीचे पुढे काय झाले, मला आजपर्यंत कळलेले नाही. मालवणच्या खेपा मी अजून करतो, आणि तो वाघ पुन्हा मला कुठे दिसलेला नाही.

म्हणून हे लिहिले आहे. बाबल मेस्त्री, कडी काढ. मला माझे काही परत नको. तुझ्या रिकाम्या टाक्या कोणाकोणाच्या गाडीखाली आहेत, ती नावे सांग. नाहीतर सड्यावर त्या दगडासमोर ये, गावकराला गाऱ्हाणे घालू दे, आणि लाल टाकीचे नाव आले की खाली न वाकता, आमच्या तोंडाकडे बघून, व्हय म्हाराजा म्हणून दाखव.